मेणाशिवाय

मी संशयी माणूस नाही, चौकस आहे. दूध घेताना त्यात बोट बुडवून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो, कुणी फार गोड बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघतो. यात संशय कसला आला? पण माझी बायको शिवकांता म्हणते, "तुमी तर आरशात बघतानाबी इचारताल, कोन गाव, कुनाचा कोन?" म्हणू दे. बीडच्या कचेरीत अकरा वर्षं इंग्रजी कागदांचा उर्दूत तर्जुमा करतोय मी; गोड शब्दांखाली काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. तर त्या गुरुवारी एका इंग्रज इंजिनिअरचा कागद माझ्यापुढं आला. एका नाल्यावरची मोरी बांधून देतो असं तो गेल्या दोन वर्षांत तीनदा लिहून चुकला होता आणि आता चौथ्यांदा लिहीत होता. खाली सही, आणि सहीच्या वर 'युवर्स सिन्सिअरली'. त्याला मी नेहमी 'आपका मुख्लिस', म्हणजे आपला सच्चा स्नेही, असं लिहायचो, हात आपोआप चालायचा. त्या दिवशी हात थांबला. मनात आलं, अरे वैजिनाथ, उंबऱ्यात आलेल्या परक्या माणसाला तू खानदान विचारल्याशिवाय पाणी देत नाहीस, आणि हा शब्द अकरा वर्षं तुझ्या दौतीतनं ये-जा करतोय, त्याला तू एकदा तरी विचारलंस का, बाबा तू मूळचा कुठला? मला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी मी तडक विठ्ठलरावांकडं गेलो.

विठ्ठलराव शाळेत इंग्रजी शिकवायचे. पुण्याहून नोकरीसाठी आलेले, एकटेच राहायचे, घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त. शब्दाचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "वा, वैजिनाथराव, काय नेमकं विचारलंत! लॅटिन शब्द आहे हो. सिने म्हणजे वाचून, शिवाय. सेरा म्हणजे मेण. मेणाशिवाय!" मी म्हटलं, मेणाचा इथं काय संबंध? तर त्यांनी मांडी घालून गोष्ट सांगितली. जुन्या रोमी लोकांत संगमरवराच्या मूर्ती करणारे कारागीर होते. घडवता घडवता छिन्नी चुकायची, मूर्तीला टवका जायचा. मग लबाड कारागीर त्या खाचेत मेण भरायचे, वरून दगडाची भुकटी घासायचे. बाजारात मूर्ती अगदी अखंड दिसायची. गिऱ्हाईक घरी न्यायचं, अंगणात ठेवायचं, आणि पहिला कडक उन्हाळा आला की मेण वितळून देवाचं नाक गळून पडायचं. म्हणून सच्चे कारागीर आपल्या मूर्तीवर लिहायला लागले, मेणाशिवाय. "तोच हा शब्द," विठ्ठलराव म्हणाले, "किती सुंदर आहे, नाही?" मला त्यात सुंदर काहीच वाटलं नाही. मला वाटलं, ज्यानं मेण भरलंय तोसुद्धा 'मेणाशिवाय' असं लिहू शकतोच की. लिहायला काय जातंय? मी उठलो. बाजारातनं घरी येताना पाण्याच्या कातडी छागली टांगलेल्या दुकानांपाशी थांबलो, एका छागलीची शिवण दाबून बघितली. दुकानदार म्हणाला, "ओ मुन्शीजी, घेनार हाय का नुस्तं दाबनार?" शिवणीला मेण लावलेलं होतं. तसं ते लावतातच, पाणी झिरपू नये म्हणून. पण मला आता मेणच दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कचेरीला जुम्म्याची सुट्टी. सकाळी अंघोळ करून पूजेला बसलो. आम्हा लिंगायतांत पोर जन्मलं की स्वामी त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते चांदीच्या डबीत, चौक्यात, जन्मभर छातीवर राहतं, आणि मेल्यावर माणसाच्या तळहातात ठेवून त्याच्याबरोबर मातीत जातं. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती, बेल, आणि त्याच्याकडं एकटक बघत राहायचं. तीस-पस्तीस वर्षं मी रोज बघत आलो. आत दगड असतो, सुपारीएवढा, पण तो कधी दिसत नाही. त्याच्यावर काळं तुळतुळीत कवच असतं, त्याला कंथी म्हणतात. राख, बिब्ब्याचं तेल, लाख, मेण, काय काय घोटून केलेली. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तळहातावरच्या काळ्या गोळ्यात खिडकीचा उजेड पडला, आणि माझ्या मनात एकदम, अगदी माझ्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं: मेण. आणि त्याच्या मागोमाग ओढ्याच्या डोहाचं गढूळ पाणी डोळ्यांपुढं आलं. बेलाचं पान हातातनं गळालं. शिवकांतेनं चुलीपासनं विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, काही नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर सिरसाळ्याला, वडलांचं, म्हणजे आप्पांचं, धान्याचं दुकान. पाऊसकाळ संपत आलेला, ओढ्याचा डोह तुडुंब. पोरांबरोबर मी पोहायला गेलतो, मायचा नकार मोडून. वर आलो तर गळ्यात शिवदोरा होता, चौका होता, पण चौक्याचं झाकण उघडं आणि आत काही नाही. पोरं पळून गेली. मी तसाच उघडं झाकण मुठीत धरून घरी आलो. माय रडली नाही, ओरडली नाही, तिनं फक्त चुलीवर पाणी ओतलं. आमच्यात लिंगाशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नसतो, आणि माय नेमाची फार कडक. तिनं मला मागच्या खोलीत पोत्यांच्या आड बसवलं आणि म्हणाली, "लिंग घावल्याबिगर तुझ्या तोंडात पानी जायचं न्हाई, आन तुझ्या जाईस्तोवर माझ्याबी न्हाई." ती रात्र, दुसरा दिवस. जोंधळ्याच्या पोत्यांचा वास मला आजही सहन होत नाही. जीभ टाळूला चिकटली होती. भिंतीपलीकडं रांजणातलं पाणी थेंब थेंब पाझरायचं, ते मला ऐकू यायचं, आणि मी भिंत चाटली होती, हे मी शिवकांतेलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता आप्पा आले. धोतर चिखलानं भरलेलं, केसांतनं पाणी गळतंय. माझ्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "घावलं रं वैजू." चौक्यात लिंग ठेवलं, झाकण लावलं, आणि आपल्या हातानं मला पाणी पाजलं. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यालो नाही. त्या दिवसापासून आप्पा म्हणजे माझ्या लेखी जगातला एकमेव माणूस, ज्याच्या हातांकडं मला बघावं लागलं नाही.

आणि आता मी त्या हातांकडं बघायला लागलो. तीस वर्षांनी, बीडच्या घरात, पाटावर बसून. गढूळ डोह, गुडघाभर चिखल, त्यात सुपारीएवढा काळा गोळा. तो कसा सापडेल? कुणाला सापडेल? चाळण लावली तरी आठ दिवसांत सापडायचा नाही. आणि त्या दिवशी तळहातावर आलं तेव्हा लिंग ओलं होतं का? आठवेना. गार होतं का? मला आठवलं ते उबदार होतं. डोहाच्या तळातली वस्तू उबदार कशी? आणि चौक्याचं झाकण त्यानंतर नीट बसायचं नाही, दोनदा दाबावं लागायचं, ते का? मी वाढता पोरगा होतो, डबी तर वाढत नव्हती ना! मी एकेक गोष्ट अशी काढत गेलो आणि प्रत्येक गोष्ट मला म्हणायला लागली, बघ, आम्ही कधीच्या इथं होतो, तूच बघितलं नाहीस. आप्पांनी दुकानात बसून मेणाचा गोळा केला असेल. काजळ लावलं असेल. तहानेनं मरायला टेकलेल्या पोराची समजूत घातली असेल. बापच तो, त्याला काय दोष द्यायचा, असं म्हणून सोडून देणारी माणसं असतात. मी त्यातला नाही. मला राग आला, चांगला सणसणीत राग आला. तीस वर्षं मी मेणाकडं एकटक बघत बसलो? माझं लग्न, माझी पोरं झाली त्या वेळचे नवस-सायास, माय गेली तेव्हा छातीला धरून रडलो ते, सगळं मेणाला? मग मी कोण? लिंगायत तरी आहे का? आणि मी मेल्यावर हातात काय घेऊन जाणार, वात नसलेली मेणबत्ती? आप्पांनी एवढं सांगायचं होतं. मोठा झाल्यावर तरी सांगायचं होतं. मला सगळ्या जगानं फसवलेलं चाललं असतं.

दुपारी शिवकांता पोरांना घेऊन धुणं धुवायला नदीवर गेली. मी दार लावून घेतलं. बोरूला टोक करायचा कलमतराश चाकू काढला, लिंग उजेडात धरलं आणि पाठीमागच्या बाजूला, खालच्या अंगाला, हळूच पातं टेकवलं. एक गोष्ट कबूल करतो: मजा वाटत होती. खपली काढताना वाटते तशी. काळा पापुद्रा निघाला, आत तपकिरी, आणखी खरवडलं, पुन्हा काळं. मऊ होतं. मला वाटलं, झालं, मेणच! आणि जोर लावला. पातं कशावर तरी करकरलं आणि घसरलं. टवका उडाला, भिंतीवर टक्कन आपटला. बघतो तर आत दगड. हिरवट करडा, गुळगुळीत, अगदी खरा दगड. आणि त्याच्या कडेला, माझ्या चाकूनं उडवलेली, जोंधळ्याच्या दाण्याएवढी पांढुरकी खाच.

आधी मला आनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. मी मोठ्यानं म्हणालो, "दगड हाय! आप्पा, दगड हाय!" बंद घरात, एकटा. आणि मग मला कळलं की मी काय केलंय. दुखावलेलं लिंग पूजेला चालत नाही. लहानपणी डोहात माझ्या हातनं नकळत गेलं होतं. आज मी ते दार लावून, चाकू घेऊन, शुद्धीवर असताना फोडलं होतं. जमिनीवर रांगत मी तो टवका शोधला, सापडला नाही. नदीवरून शिवकांता यायची वेळ झाली. मग मी काय केलं? कोनाड्यातली मेणबत्ती घेतली, पेटवली, खाचेत मेणाचा थेंब सोडला, त्यावर दिव्याची काजळी चोळली, बोटानं गुळगुळीत केलं. इतकं सुरेख बसलं की मलाच दिसेना. शिवकांतेनं दार वाजवलं तेव्हा लिंग चौक्यात होतं आणि चौका छातीवर. ती म्हणाली, "दार कावून लावलतं दिवसाढवळ्या?" मी म्हटलं, "झोपलो होतो." तिनं माझ्या काळ्या बोटाकडं बघितलं. मी ते धोतरात पुसलं.

रविवारी विठ्ठलराव रस्त्यात भेटले, लांबूनच हात करत. म्हणाले, "अहो, तुमच्या शब्दानं मला झोपू दिलं नाही. मोठा कोश काढला. ती मेणाची कथा नुसती भाकड आहे हो! कुणीतरी मागाहून रचलेली. त्याला काही पुरावाच नाही. खरा अर्थ असा दिसतो, एकाच वाढीचं. एकाच मुळातनं उगवलेलं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं." आणि हसायला लागले. त्यांना हसायला काय, त्यांच्या छातीवर काही नव्हतं. मी म्हटलं, "मग गुरुवारीच कोश का नाही बघितलात?" माझा आवाज चढला असावा, कारण त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "अहो, शब्दाची तर गोष्ट, त्यात एवढं काय?" या गृहस्थाला घडीभर धरून झोडावं असं मला वाटलं. पण घरी येताना विचार करतो तर राग त्यांच्यावर टिकेना. खोटी गोष्ट त्यांनी सांगितली, हे खरं. चाकू माझ्या हातात होता. आणि तरीही, बघा माझा स्वभाव, एवढं होऊनही आतला किडा मेला नाही. आत दगड आहे, ठीक. पण कुठला दगड? ओढ्याकाठी दगड काय कमी होते?

त्याच आठवड्यात सिरसाळ्याहून माणूस आला, आमच्या दुकानातला जुना गडी, शहादेव. आप्पांनी अन्न सोडलंय, तुमचं नाव घेतायत, म्हणाला. मी लगेच निघालो. वडवणी, तेलगाव, बैलगाडीनं दोन मुक्काम. वाटभर उन्हानं रान करपलेलं, आणि शहादेव पुढं बसून बैलांशी बोलतोय. दर मैलाला मी ठरवायचो की आप्पांना काही विचारायचं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला कोण असं विचारतं? आणि दर मैलाला मला कळायचं की मी विचारणार आहे, कारण ते गेले तर सांगणारं जगात कुणीच उरणार नाही. छातीवरची डबी गाडीच्या प्रत्येक हिसक्याला आपटायची. मी तिच्यावर हात धरून बसलो. शहादेवला वाटलं माझ्या छातीत कळ आलीय. त्यानं गाडी थांबवून पाणी दिलं.

आप्पा ओसरीच्या खाटेवर होते. अंगाचं पार चिपाड झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. माझा पाय वाजला तसं म्हणाले, "वैजू, आला व्हय." मी त्यांचा हात हातात घेतला. शहादेव बैल सोडायला गेला. पोरांचं, शिवकांतेचं विचारून झालं. मी ऊठबस केली, त्यांच्या अंगावरचं पांघरूण दोनदा सारखं केलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. माझ्या तोंडातनं निघालंच.

"आप्पा, त्या दिवशी डोहात लिंग खरंच घावलं होतं का?"

आप्पा बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. आणि मला बरंही वाटलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग हे?"

"माझं हाय ते."

आप्पा सावकाश, धान्याचा भाव सांगावा तसं सांगायला लागले. "दीड दिस डोह उपसला. न्हाई घावलं. स्वामी कपिलधारेला गेलते, आट दिस येनार नव्हते. तुझी माय नेमाची. तुझ्या व्हटाला चिरा पडलत्या लेका. मंग माझंच काढलं आन तुझ्या चौक्यात घातलं. थोरल्या मानसाचं ते, दाबून बशिवलं."

"आन तुमी?"

त्यांनी थरथरत्या बोटांनी आपला चौका उघडला. तळहातावर काळा गोळा घेतला आणि माझ्यापुढं धरला. त्याला तीस वर्षांत अंगठ्याचा खळगा पडला होता. "मेन हाय. दुकानातलं. नवं मागायचं तर समदं सांगावं लागलं असतं. मंग तुझं लिंग तुझं न्हाई हे गावाला कळलं असतं, आन तुझ्या मायलाबी. तिनं दोघांचंबी पानी तोडलं असतं. मीच तेवढा लिंगाबिगर पानी पेत ऱ्हायलो. कुनाला सांगितलं न्हाई. तू पयला."

त्या पोत्यांच्या आड चिकटली होती तशीच माझी जीभ टाळूला चिकटली. आप्पांनी हात पसरला. "एकदा हातावर दे. तीस वरसं झाली." आणि मी ते द्यायला नको होतं, काहीतरी निमित्त काढून बाहेर जायला हवं होतं, पण त्या हाताला नाही कोण म्हणणार? मी चौका उघडला. आप्पांनी आपलं लिंग तळहातावर घेतलं, कपाळाला लावलं, आणि अंगठा त्याच्यावरनं हळूहळू फिरवत राहिले. पिकलेल्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. अंगठा मागच्या बाजूला गेला, खाली सरकला आणि थांबला.

"हितं मेन हाय," ते म्हणाले.

"हो."

"कुनी भरलं?"

"मी." आणि मग माझा बांध फुटला. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. इंजिनिअर, शब्द, चाकू, टवका, लावून घेतलेलं दार. त्यांना किती समजलं देव जाणे. ते मधे एकदाच म्हणाले, "दगड बघितलास का? कसा हाय? मीबी कधी बघितला न्हाई."

"हिरवट हाय आप्पा. गुळगुळीत."

"व्हय?" त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी पुन्हा अंगठा त्या जागेवर फिरवला. "बरं भरलंस. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई. माझ्या हातात रोज मेनच असतंय म्हनून कळलं." मग त्यांनी ते माझ्या मुठीत घातलं आणि वरून माझी बोटं मिटवली. मी म्हटलं, "हे तुमचं हाय, तुमी घाला." त्यांनी मान हलवली. माझ्याच चौक्यात मला ते पुन्हा बसवायला लावलं.

बाहेर शहादेव बैलांना वैरण टाकत होता. मग आप्पा म्हणाले, "वैजू, मी गेलो की स्वामी येतील, चौका उघडून हातावर ठेवतो म्हनतील. त्यांना उघडू द्यायचं न्हाई. तू सोता ठेव, आन मूठ झाकून धर माती पडंस्तोवर. कुनाला दिसू द्यायचं न्हाई. करशील एवढं?"

मी, दुधात बोट घालून बघणारा, लखोटे उजेडात धरणारा, ज्यानं आयुष्यात एक झाकण झाकलेलं राहू दिलं नाही, तो मी म्हणालो, "करतो, आप्पा."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही, कुशीवर वळले आणि झोपले.